दोन ठोके

डेल हार्युलाला नाडी नाही. मनगटाला नाही, मानेलाही नाही. गेले चौदा महिने नाही. तो रोज सकाळी दोन अंडी आणि राय धान्याचा पाव खातो.

हरणांच्या शिकारीचा मोसम लागला की गावातले निम्मे पुरुष जाकिटं चढवून नारिंगी होतात आणि जंगलात जातात. उरलेल्या निम्म्यांना गुडघेदुखी असते.

बायोइंजिनिअरिंग घेतलेल्यांपैकी मेडिकलला किती जणांना जागा मिळते, असं विचारलं की ब्रँडवोल्डबाई हातातलं पेन खाली ठेवतात.

सौनाच्या, म्हणजे शेक घ्यायच्या खोलीच्या, लाकडी भिंतीवर आतून एक ठोका: झालं माझं, येतोय. दोन ठोके: प्यायला पाणी दे. तीन ठोके आजोबांनी एकदाच दिले होते, तेव्हा आत साप निघाला होता.

वसतिगृहातला फ्रीज ज्या सुरात गुणगुणतो, बरोबर त्याच सुरात लेम्पीचा बाप गुणगुणतो. ती फ्रीजकडे पाठ करून झोपत नाही.

मुदत: सोमवार, दुपारी बारा.

*

लेम्पी हार्युला मिनियापोलिसच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. डॉक्टर व्हायचं हे तिचं आठवीपासून ठरलेलं. पण मेडिकल कॉलेजचं दार उघडण्याआधी चार वर्षं दुसरं काहीतरी शिकावं लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे सोमवारी बाराच्या आत एका फॉर्मवर भरून द्यायचं होतं. पर्याय दोनच उरले होते. बायॉलॉजी किंवा बायोइंजिनिअरिंग.

"मेडिकलवाले गुण बघतात, बाळ," सल्लागार ब्रँडवोल्डबाई म्हणाल्या होत्या. "विषय कोणी बघत नाही. बायोइंजिनिअरिंगला तुझे गुण घसरतील. सगळ्यांचेच घसरतात. नंतर रडत येतात माझ्याकडे, त्या खुर्चीत बसून."

लेम्पी त्याच खुर्चीत बसली होती.

"पण मला आवडत असेल तर?"

"काय आवडतं त्यातलं? गणित?"

"बाबाची पेटी," लेम्पी म्हणाली. मग तिला ती पेटी काय ते सांगावं लागलं, आणि बाईंनी पेन खाली ठेवलं.

आईचं मत सरळ होतं. "रस्ता साफ करून ठेवलेला असताना बर्फातून कशाला चालायचं? बायॉलॉजी घे, डॉक्टर हो, सुट्टीत घरी ये."

बाबाचं मत नव्हतंच. दर रविवारी फोनवर ती विचारायची आणि तो म्हणायचा, "तुझं तू बघ." पंचवीस वर्षं लोखंडाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन असलेला माणूस. कुठली वायर कुठे जाते हे डोळे मिटून सांगणारा. आणि मुलीने कुठे जावं एवढंच काय ते सांगेना. लेम्पीला सल्ला नको होता. सल्ले भरपूर झाले होते. तिला त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता, दोनांपैकी कुठलाही.

म्हणून शनिवारी ती बसने घरी आली.

४.४

सौना घराच्या मागे, बर्चच्या झाडांत. पणजोबांनी बांधलेली, ओंडक्यांची. पुढे कपडे काढायची छोटी खोली, तिच्या मागे भट्टीची गरम खोली. लेम्पी आली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

बाबा पुढच्या खोलीत कमरेपर्यंत उघडा उभा होता. पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर आलेली वायर, वायरीच्या टोकाला पट्ट्याची पेटी, पेटीला दोन बॅटऱ्या. छातीच्या आत, हृदयाला जोडलेला मुठीएवढा पंप. तो रक्त ठोक्याठोक्याने ढकलत नाही, नळ सोडल्यासारखं एकसंध वाहतं ठेवतो. म्हणून नाडी नाही.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा लेम्पीने त्याला मिठी मारली होती आणि तिची दोन बोटं आपोआप त्याच्या मानेवर गेली होती. प्रथमोपचाराच्या वर्गात सवय लावलेली. बोटांखाली काही नव्हतं. कोमट कातडी, आणि खूप आत कुठेतरी गुणगुण.

"दार वाजवून बघतेस होय?" बाबा म्हणाला होता. "घरी कोणी नाही."

आई तेव्हापासून सोफ्यावर झोपायची. "तीस वर्षं त्या ठोक्यांवर डोकं ठेवून झोपले मी," ती म्हणायची. "आता फ्रीजला मिठी मारल्यासारखं होतं. चेहरा त्याचा आहे गं, पण..." त्या 'पण'च्या पुढे ती कधी गेली नाही.

"बाबा, भट्टी पेटवलीस? तुला चालत नाही ना?"

"पाण्यात बुडायला चालत नाही. पेटी गरम झालेली चालत नाही. हे बघ." त्याने भिंतीकडे हात केला. दोन खोल्यांमधल्या भिंतीला, आतल्या बाकाच्या उंचीवर, हात जाईल एवढं चौकोनी भोक पाडलेलं. या बाजूला एक फळी ठोकलेली. "पेटी आणि बॅटऱ्या इथे फळीवर, गारव्यात. मी पलीकडे, उबेत. मधे वायर. भोकात लोकर कोंबायची. कसं?"

लेम्पीला हसू आवरेना. सगळं करवतीने साफ कापलेलं, कडा घासलेल्या. "हॉस्पिटलला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून नाही विचारलं."

"आईला?"

"तिला विचारलं तर हॉस्पिटलला विचार म्हणेल. ती बाजारातून यायच्या आत आवरू." तो लहान मुलासारखा डोळे मिचकावत होता. "दहा मिनिटं गं. चौदा महिने ओल्या फडक्याने अंग पुसतोय. डॉक्टर येतात ते पेटीला विचारतात, कसे आहात. मला एकदा तरी कातडीला विचारू दे."

हे चुकतंय, हे लेम्पीला दिसत होतं. पण भोक इतकं बरोबर होतं.

"दहाच."

"दहा. तू इथे बस आणि आकड्याकडे बघ. आज तू माझी इंजिनीअर."

तो शब्द त्याने सहज वापरला. लेम्पीने तो उचलून ठेवला.

बाबा आत गेला. भोकातून त्याचा हात आला, पेटी आणि बॅटऱ्या तिने घेतल्या, फळीवर मांडल्या, लोकर कोंबली. पेटीवरचं बटण दाबलं की मिनिटाला किती लिटर रक्त वाहतंय ते दिसतं. ४.४. बाजूला हिरवा दिवा. चार वाजायला पाच मिनिटं होती, खिडकीतला उजेड निळा पडत चालला होता.

४.१

सौनात बोलायचं नाही, हा आजोबांचा नियम. आत गेलेल्याला हाक मारायची नाही, आणि उगाच दार उघडून कोणाचा शेक घालवायचा तर मुळीच नाही. लेम्पी लहानपणी बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसायची आणि आतून आजोबा, काका, बाबा यांची शांतता ऐकायची. शांतता सगळ्यांची वेगवेगळी असते. बाबाच्या शांततेला आता सूर होता. पेटी फळीवर होती, पंप त्याच्या छातीत, तरी गुणगुण लाकडातून येत होती. लेम्पीने भिंतीला पाठ टेकली तेव्हा ती मणक्यात उतरली. क्षणभर वाटलं, ही भिंतच जिवंत आहे आणि पलीकडे कोणी नाही.

ती भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, ऐकतोयस ना?"

पलीकडे भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चुर्र आवाज.

"तुला बोलायचं नाहीये, माहितीय. मी बोलते. सोमवारी फॉर्म द्यायचाय. आईचं बायॉलॉजी. ब्रँडवोल्डबाईंचं बायॉलॉजी. बायॉलॉजी घेतलं तर गुण मिळतील, मेडिकल मिळेल, आणि मग मीपण त्या डॉक्टरांसारखी येईन आणि पेटीला विचारेन, कसे आहात. दुसरं घेतलं तर कदाचित कुठेच जाणार नाही. गावात येऊन तुझ्यासारखी वायरी ओढेन."

३.७

तिने बटण दाबलं. ३.७. तिने स्वतःच कारण शोधलं: उष्णतेने शिरा सैल होतात, दाब उतरतो, प्रवाह थोडा कमी होणारच. बरोबर वाटलं. हिरवा दिवा तसाच होता. हॉस्पिटलने दिलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं: हिरवा दिवा म्हणजे पंप चालू.

"तू कधीच सांगत नाहीस," ती भोकाला म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "तुझं तू बघ, तुझं तू बघ. एकदा तरी सांग ना. मी तेच करीन असं नाही, पण सांग. तोंडाने नको. ठोक. बायॉलॉजी असेल तर एक. बायोइंजिनिअरिंग असेल तर दोन."

ती थांबली. भट्टीतलं लाकूड तडकलं. बाहेर लांब कुठेतरी बंदुकीचा बार झाला आणि त्याचा आवाज झाडांतून फिरून परत आला.

मग भिंतीवर ठोका पडला. बोटाच्या पेराने, सावकाश.

आणि दुसरा.

लेम्पीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन काढला. गावात सिग्नल नसतो, पण सौनाच्या खिडकीपाशी एक काडी येते. फॉर्म उघडला, बायोइंजिनिअरिंगवर बोट ठेवलं, पाठवला. चार वाजून नऊ मिनिटं. सोमवारची वाट कशाला बघायची?

३.१

पुन्हा दोन ठोके पडले. या वेळी हलके, आणि दोघांमध्ये बरंच अंतर.

"कळलं रे बाबा!" ती हसत ओरडली. नियम मोडून. "पहिल्या वेळीच ऐकलं मी. भरला फॉर्म. आता नाही म्हणायचं नाही!"

पलीकडे काहीतरी लाकडावर घसरलं. तिला वाटलं, तो बाकावर आडवा झाला. आजोबाही शेवटी आडवे व्हायचे.

दहा मिनिटं होऊन गेली होती. पण आत्ता, या क्षणी, जाऊन त्याला बाहेर काढणं तिच्या जिवावर आलं. बसू दे. चौदा महिने. तिने हिरव्या दिव्याकडे पाहिलं. दिवा तिच्याकडे पाहत होता.

२.४

लाल.

पेटी किंचाळायला लागली तेव्हा लेम्पी दारापाशी कशी पोचली ते तिला नंतर आठवत नव्हतं. आत वाफ होती. बाबा बाकावर कलंडला होता, वायर भोकाकडे ताणलेली. ओठ राखाडी. एक हात भिंतीला लागून वर राहिलेला, बोटांची पेरं मुडपलेली.

तिची दोन बोटं त्याच्या मानेवर गेली. काही नाही. अर्थात काही नाही. ती बोटं तशीच ठेवून ती थांबली, जणू तिथे काहीतरी यायचं आहे.

मग तिने भानावर येऊन सगळं केलं. पेटी भोकातून आत ओढली, त्याला खाली फरशीवर घेतलं, पाय वर केले, दार उघडं टाकलं. थंडी आत शिरली. खिडकीपाशी परत जाऊन तिने मदतीला फोन केला. गावची अँब्युलन्स गावकरीच चालवतात, आणि त्या दिवशी गावकरी जंगलात होते. आर्नी काउपिला आला तो शिकारीवरून तसाच, नारिंगी जाकीट घालून, बाहीवर हरणाचं रक्त. आर्नी बाबाचा शाळेपासूनचा दोस्त.

तो गुडघ्यांवर बसला, डेलच्या मानेवर बोटं ठेवली, डोळे मिटले. मग लेम्पीकडे पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला. "नाडी नाही."

"नसतेच! त्याला नाडी नसतेच, आर्नी!"

"हां. हां, बरोबर. विसरलो." त्याने बोटं काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. "मग कळायचं कसं?"

लेम्पीने बाबाच्या छातीला कान लावला. गुणगुण होती. स्वच्छ, एका सुरात, कुठेही न अडखळता. यंत्र उत्तम चाललं होतं. तिने त्याच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं. ती ते गुलाबी व्हायची वाट बघत राहिली.

"कळतंय का काही, डॉक्टरीणबाई?" आर्नीने विचारलं. एरवी तो हे चिडवायला म्हणायचा.

*

दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात बाबा पावणेदोन दिवस होता. म्हणजे पंप होता. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवले आणि हळू आवाजात बोलले. सलाईनमधून पाणी भरल्यावर पेटीवरचा आकडा पुन्हा ४.४ झाला होता. हिरवा दिवा लागला होता. बाबाचे हात उबदार होते, गाल पुन्हा गुलाबी. आई म्हणाली, "असा तर तो कालही होता." मग, "असा तर तो चौदा महिने होता." आणि मग तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

पेटी तपासायला येणारा माणूस सोमवारी सकाळी आला. पेटी आपल्या नोंदी ठेवते. त्याने ती संगणकाला लावली, एक उतरती रेघ पडद्यावर आली.

"उन्हातान्हात किंवा शेकाने अंगातलं पाणी गेलं की असं होतं," तो लेम्पीला म्हणाला. ती विचारत होती म्हणून तो समजावून सांगत होता, विद्यार्थ्याला सांगावं तसं. "पंपाला ओढायला रक्त पुरेना. पण बघ, कोसळलं नाहीये एकदम. चार ते सव्वाचार, हळूहळू उतरलंय. इतका वेळ तो शुद्धीवर असणार. पेला-दोन पेले पाणी मिळतं, कोणी धरून बाहेर आणतं... घरी कोणी नव्हतं का?"

"नव्हतं," लेम्पी म्हणाली.

साडेअकराला पंप बंद केला. गुणगुण थांबली तेव्हा खोलीत इतकी मोठी पोकळी झाली की नर्सनेही वर पाहिलं. आईने डोकं त्याच्या छातीवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"आता डेलसारखा वाटतोय," ती म्हणाली.

बाराला पाच मिनिटं असताना लेम्पीने कॉरिडॉरमध्ये फॉर्म पुन्हा उघडला. बदलता येत होता. ती पडद्याकडे पाहत राहिली. बारा वाजले, आणि बदलता येईनासा झाला.

*

तिचे गुण घसरले. सगळ्यांचेच घसरतात. ती ब्रँडवोल्डबाईंकडे रडत गेली नाही.

तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत टेबलावर पंप असायचे, पारदर्शक नळ्यांत लाल रंगाचं पाणी फिरवत. चार पंप एकाच सुरात. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पंप टकटक करतो. साधारण दोनदा. मग हवा काढायची असते, एवढंच. लेम्पी हवा काढायची आणि मग कोपऱ्यातल्या नळावर जाऊन पेलाभर पाणी आणून पंपाशेजारी ठेवायची.

"तुला तहान फार लागते गं," बरोबरचा मुलगा एकदा म्हणाला.

"हो."

दिवसाच्या शेवटी टेबलावर चार-पाच भरलेले पेले असायचे. ती एकही प्यायची नाही. मुलं त्यांना हात लावायची नाहीत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घराकडची सौना आईने विकायला काढली, ओंडके सुटे करून नेणाऱ्याला. भोक पाहून तो माणूस म्हणाला, "सफाईदार काम आहे. कशासाठी होतं हे?" आईला ठाऊक नव्हतं. लेम्पीने सांगितलं नाही.

मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीला समोर तिघं होते. गुण मध्यम होते, पण पंपांवरचं काम त्यांना आवडलेलं दिसत होतं. मधल्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"सगळे सोपी वाट धरतात. तुम्ही बायोइंजिनिअरिंग का घेतलंत?"

लेम्पीने हे उत्तर आरशासमोर पुष्कळदा म्हटलं होतं. शब्द ओळखीचे झाले होते, खरे वाटायला लागले होते.

"वडिलांनी सांगितलं म्हणून."

"वा," बाई हसल्या. "नशीबवान आहात. इतकं स्पष्ट सांगणारे वडील कमी असतात. काय म्हणाले ते?"

लेम्पीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. खोलीत कुठेतरी फ्रीज गुणगुणत होता.

प्यायच्या पाण्याची बादली त्या शनिवारी भरलेली होती, आणि ती भिंतीच्या अलीकडे, लेम्पीच्या पायाशी होती.